मांघरच्या वाटेवर सातेरीचा थवा

शनिवारी महाबळेश्वरला जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे जातात. पहिला दिवस पसरणी घाट आणि पार्किंग यांतच संपला.

रविवारी मांघरला निघालो. २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं हे गाव. पण पाय अडले ते मुक्कामाच्या अंगणातच. फणसाच्या फांदीला सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशांचा थवा लोंबकळत होता आणि व्यवस्थापक झुरळं मारायचा फवारा घेऊन उभा! डोकंच फिरलं. सुदैवाने कुणीतरी खालच्या वाडीतल्या मधपाळ काकांना फोन केला होता.

"मारू नका सायेब. पोटात मध भरून निघाल्यात, राखायला घर न्हाई. कशाला चावतील?"

काकांनी थव्यावर पाण्याचा हलका शिडकावा केला, कापडी पिशवी खालून वर चढवली आणि फांदीला एकच हिसका दिला. पिशवीच्या तोंडाशी काही माशा पोट उचलून पंख हलवू लागल्या, म्हणजे राणी आत आली. ती बाहेर राहिली असती तर सगळा थवा पुन्हा फांदीवर गेला असता. उरलेल्या माशा आत शिरेपर्यंत पिशवी सावलीत टांगून ठेवली.

पेटीत भरायचं ते सूर्यास्तानंतर. दुसऱ्या पेटीतली कोवळ्या अळ्यांची एक चौकट मध्ये द्यायची. पिल्लं टाकून माशा सहसा जात नाहीत. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या रात्रीत चढतात. साखरपाक निम्मा पाणी, निम्मी साखर, तोही संध्याकाळीच. थेंब सांडला तर शेजारच्या पेट्यांतल्या माशा लुटायला येतात. दाराला राणी अडवणारी जाळी तीन-चार दिवस. इथे नवखे फसतात. मोहोळ फुटल्यावर, म्हणजे एका वसाहतीच्या दोन झाल्यावर, पहिल्या थव्याबरोबर जुनी, फळलेली राणी जाते. मागाहून निघणाऱ्या छोट्या थव्यात कुमारी राणी असते. तिला जाळीने कोंडलं तर मीलनाचं उड्डाण चुकतं आणि पुढे ती नुसते नरच घालते.

सातेरी चाऱ्यासाठी साधारण किलोमीटरभरच फिरते, त्यामुळे पेटीभोवती काय फुलतं यावर सगळं अवलंबून. मार्च-एप्रिलला जांभूळ, मागोमाग गेळा, हिरडा. कारवीचा बहर सात वर्षांनी एकदा. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरही माशा दिसतात, पण तिथे सकाळी फवारणी झाली की गेलेल्या माशा परतत नाहीत. संध्याकाळी फवारायला काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

मेमध्ये गिऱ्हाईक मागतं म्हणून पेटीतला शेवटचा थेंबही काढणारे आहेत. पुढे पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस, बाहेर फूल नाही. उपाशी वसाहत आक्रसते, मोकळ्या पोळ्यांना मेणकिडा लागतो आणि एके दिवशी उघडीप बघून राणीसकट सगळ्या निघून जातात. मोहोळ फुटतं तेव्हा निदान काही माशा तरी मागे राहतात. इथे उरतात ती जाळं धरलेली पोळी.