भुसावळहून तराईत: नेपाळमध्ये बांबूची घरं बांधायला जाणाऱ्यांसाठी

नेपाळच्या तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, गरजू कुटुंबांसाठी घरं बांधायला जायचं, तर खान्देशातल्या गटाने रेल्वेनेच जावं. विमानाचे वाचलेले पैसे त्या घराच्या पत्र्यांना लावता येतात, आणि आपल्या आरामापेक्षा ते तिथे जास्त कामी येतात.

कुशीनगर एक्स्प्रेस पहाटे जळगाव-भुसावळला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखपूरला पोहोचवते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ते उघडेल त्याच दिवशी सगळ्या गटाची तिकिटं काढून ठेवावीत. होळीच्या आधीचा आठवडा आणि दिवाळी-छठचे दिवस टाळा, तेव्हा या गाडीत आरक्षणाच्या डब्यातही उभं राहायला जागा नसते. गोरखपूर स्टेशनाजवळून सीमेवरच्या सोनौलीची बस मिळते, साधारण तीन तासांचा रस्ता आहे. पलीकडे भैरहवा, आणि तिथून बुटवलमार्गे पूर्वेला नवलपरासीकडे बस जातात.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोहोंपैकी एक मूळ प्रत हवीच. नुसत्या आधार कार्डावर विसंबून निघणारे पुष्कळ असतात. गटप्रमुखाने निघण्याआधी प्रत्येकाचा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. पैसे शंभराच्या नोटांत ठेवा, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी 160 होतात, हा दर ठरलेला आहे. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे सामानाची दुकानं कधी उघडी हे आधी विचारून घ्या. निघण्यापूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, बांबूची धस हातात घुसल्याशिवाय हे काम होत नाही.

काळ निवडायचा तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर. कपाशी आटोपलेली असते, तराईतलं धुकं ओसरलेलं असतं आणि गिलावा वाळायला ऊन पुरेसं असतं. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात आणि माती वाळत नाही. जून ते सप्टेंबर पावसाचा. दसैं-तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत मिस्त्री गावी जातात, काम बंदच राहतं.

आता मुख्य गोष्ट. घराचा सांगाडा मिस्त्रीच उभा करणार. स्वयंसेवकाने हातात ड्रिल घेऊन खांब जोडण्याचा हट्ट धरू नये, कारण त्याची चूक भूकंपात किंवा वादळात त्या कुटुंबाला भोगावी लागते. आपण उपयोगी पडतो ते कामट्या विणायला, माती तुडवायला, गिलावा करायला. ही हळू चालणारी, माणसं लागणारी कामं आहेत. धडगाव-मोलगीकडची पावरा मंडळी कुडाची भिंत विणून तिच्यावर शेणमाती थापतात. तराईतल्या थारू या आदिवासी समाजाच्या घरांची भिंतही त्याच जातीची. म्हणून निघण्याआधी दोन दिवस सातपुड्यात जाऊन कूड विणायला शिका. कुठल्याही पुस्तकी प्रशिक्षणापेक्षा ते बरं.

ज्या संस्थेमार्फत जाता तिला पहिला प्रश्न विचारायचा तो बांबूबद्दल: तो कीडनाशक द्रावणात भिजवून झाला आहे का? तीन-चार वर्षांचा पक्का बांबू हिवाळ्यात तोडलेला हवा, तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो. किड्याला तेच खायला हवं असतं. मग 45 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि 2 किलो बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून घालायचं. आतल्या गाठी लांब सळईने फोडून आख्खा बांबू त्यात किमान आठवडाभर बुडवायचा. चिरलेल्याला तीन-चार दिवस पुरतात. हा वेळ आपल्या मुक्कामात बसत नाही, म्हणून हे काम आपण पोहोचण्यापूर्वीच व्हायला हवं. रचलेल्या बांबूखाली पिवळसर बारीक पीठ पडलेलं दिसलं, की किडा लागला आहे असं समजा. तो बांबू सांगाड्याला घेऊ नका.

टाकणखार-बोरिकचं हे मीठ पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे पावसाने ते धुऊन जातं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की घराच्या बाकीच्या रीती आपोआप उलगडतात. छपराची वळचण भिंतीबाहेर दीड ते दोन फूट हवी. बांबू जमिनीला कुठेही टेकता कामा नये. काँक्रीटचं बैठं खांबटं जमिनीवर दीड फूट ठेवून, त्यातून वर आलेल्या सळईवर बांबू बसवायचा आणि त्याचं तळाचं पोकळ पेर सिमेंट-वाळूने भरायचं. बोल्ट जिथे आवळायचा ते पेरही असंच भरलं नाही, तर नट आवळताना बांबू चिरतो. टोकाजवळ थेट खिळा मारला तरी तेच होतं. आधी भोक पाडायचं, आणि बांबू कापताना गाठीच्या लगेच पुढे कापायचा, म्हणजे टोक बंद राहतं. चारही कोपऱ्यांत तिरके आडण दिलेले आहेत ना, हे पत्रे चढण्यापूर्वी पाहून घ्या. घाईत तेच राहून जातात.

आखणी करताना दोरीवर 6, 8 आणि 10 फुटांचा त्रिकोण लावून काटकोन पाहायचा, शिवाय दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत बोटभर फरक राहिला, तर पत्रे चढवताना तो उघडा पडतो.

गिलाव्याची माती दोन दिवस आधी भिजत घाला. त्यात दोन-तीन इंच तोडलेला भाताचा पेंढा आणि शेण. भाकरीएवढा गोळा थापून सावलीत वाळवून पाहा: तडे गेले तर वाळू किंवा पेंढा वाढवा, चुरा झाला तर चिकण माती. पहिला थर साधारण इंचभर, आणि तो दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी एकाच वेळी दाबायचा, म्हणजे कामट्यांच्या फटीत दोन्हीकडची माती एकमेकींत अडकते. वरून गुळगुळीत करू नका. तडे पडतील, पडू द्या. दुसऱ्या थराला त्यांचीच पकड मिळते. पहिला पूर्ण वाळायला तीन-चार दिवस लागतात. निघायची तारीख जवळ आली म्हणून ओल्या थरावर दुसरा चढवला, तर पहिल्या पावसात दोन्ही सुटतात. म्हणून पोहोचल्यावर सर्वांत आधी सगळ्या भिंतींचा पहिला थर उरकायचा.

पत्र्याला भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडावं, खोलगट भागात नाही, पाणी तिथूनच वाहतं. आडवी जोड दीड पन्हळीची, उभी किमान सहा इंचांची. रबरी वॉशर नसलेला बोल्ट परत करा. वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकापासून पत्रे घालत यायचं, म्हणजे जोडीत वारा घुसत नाही.

घरमालकिणीवर पूर्ण गटाच्या स्वयंपाकाचा भार टाकू नका. डाळ-भाताचा शिधा आधीच देऊन गावातली एक बाई मजुरीवर ठेवा. बहुतेक संस्थांत कुटुंबही स्वतः श्रम करतं. 1976 साली सुरू झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेने ती पद्धत जगभर रुजवली. त्यामुळे कुठे काय करायचं हे घरच्या दिदीला विचारूनच करा. खिडकी कोणत्या बाजूला, चूल कुठे, हे ठरवणं तिचं.

निघताना उरलेले बोल्ट, वॉशर आणि हातमोजे तिथेच ठेवा, आणि कोणते नट दर पावसाळ्यापूर्वी आवळायचे ते खडूने खूण करून दाखवा. बांबू वाळून आकसतो, म्हणून पहिल्या वर्षी ते नक्की ढिले होतात.