समुद्राकडे तोंड करून बसलेले बंकर

अंदमानला गेलेला मराठी माणूस करतो काय, तर सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा शो, मग हॅवलॉक. आम्हीही तेच केलं, खोटं कशाला बोला. पण परतायच्या आदल्या दिवशी बायको आणि आई मार्केटमध्ये शिरल्या, म्हटलं आता दोन-तीन तास आपले, आणि रिक्षा करून कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्याला लागलो.

त्या रस्त्याला समुद्राच्या कडेने जपान्यांचे बंकर आहेत. नाव ऐकून काहीतरी भव्य वाटतं, प्रत्यक्षात जाडजूड भिंतींची बुटकी काँक्रीटची खोली, गावाकडच्या पाण्याच्या टाकीएवढी. वाकून आत गेलो तर ओल, मुताचा वास, चिप्सची पाकिटं आणि भिंतीवर कोणाकोणाचे बदाम. समोर बंदुकीसाठी ठेवलेली आडवी फट, तिला डोळा लावला की नुसता समुद्र आणि त्यात किंचाळत फिरणारी जेट स्की.

२३ मार्च १९४२ ला जपानी पोर्ट ब्लेअरला उतरले आणि साडेतीन वर्षं राहिले. ब्रिटिश इथून परत येतील म्हणून हे बंकर. रॉस बेटावर पण आहे एक. तिथला ब्रिटिशांचा थाट, चर्च, बेकरी, साहेबाचा बंगला, सगळं १९४१ च्या भूकंपाने खिळखिळं झालेलंच, त्यातलं सामान उपसून जपान्यांनी बंकरांना वापरलं म्हणतात. आता तिथे भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी धरून ठेवल्यात आणि हरणं मात्र इतकी धीट की बाईंच्या पर्समधून बिस्किटं काढतात.

पण ब्रिटिश परत आले ते जपान शरण आल्यावर, ऑक्टोबर १९४५ मध्ये. म्हणजे ज्या लढाईसाठी हे बांधलं ती झालीच नाही. माणसं मेली ती या फटीच्या पाठीमागे, गावात. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी इथे तिरंगा फडकवला, ते आपल्याला शाळेत शिकवलंय. पुढच्याच महिन्यात, १४ जानेवारीला, दिवाण सिंग नावाचे डॉक्टर, पंजाबीतले कवी, जपान्यांच्या छळाने सेल्युलर जेलमध्ये वारले, आणि ३० जानेवारीला हंफ्रीगंजला ४४ जणांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. त्यातले बरेच जण नेताजींच्याच बाजूच्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे! हे मला चाळिशीत कळलं, आणि तेही ट्रिपच्या आधी रात्री मोबाईलवर वाचत पडलो होतो म्हणून. त्याच जेलमध्ये आदल्या दिवशी आम्ही तीन तास काढले होते, पण कोलू आणि फाशीघरापुढे माझं लक्षच गेलं नव्हतं, चूक माझीच.

रिक्षावाल्या भैयाला म्हटलं हंफ्रीगंजला सोडता का. तो म्हणाला, लांब आहे साहेब, आणि तिथे बघायला काय आहे, फक्त स्मारक. मी घड्याळ बघितलं, तेवढ्यात बायकोचा फोन, शंखांचं दुकान सापडलंय, पैसे कमी पडतायत, लवकर या.