मुखवटा आणि पिशवी

रविवार, जूनचा पहिला आठवडा. रात्रीचे साडेदहा.

पोटऱ्या भरून आल्या आहेत. ही समोर गरम पाण्यात पाय सोडून बसली आहे आणि आजचे फोटो चौथ्यांदा बघते आहे. मला झोप लागायची नाही, म्हणून लिहायला बसले.

सकाळी संभाजी बागेशी जमलो. जंगली महाराज रस्ता, डेक्कन, गुडलक चौक, मग फर्ग्युसन रस्ता आणि फिरून परत बागेपाशी. आभाळ भरून आलं होतं, पण पडला नाही. पुढे ढोल, मागे लांबलचक सप्तरंगी कापड. त्याची एक कड धरायला मला दिली. गुडलकच्या अलीकडे एक आजोबा सायकल हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्या शेजारच्या मुलीला विचारलं, "कसली मिरवणूक ग?" ती म्हणाली, "आमची, आजोबा. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलींची, मुलावर प्रेम करणाऱ्या मुलांची, तृतीयपंथीयांची." किती सरळ बोलली! आवाज खाली नाही, मान खाली नाही. आजोबा "बरं" म्हणाले आणि शेवटचा माणूस पुढे जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

तिच्या वयात माझ्याकडे यातला एकही शब्द नव्हता. 'मैत्रीण' एवढाच होता, आणि त्यातच आम्ही दोघींनी संसार मांडला.

मोर्चानंतर एका हॉलमध्ये मुलांनी जुन्या वस्तू मांडल्या होत्या. कुणाची पत्रं, कुणी जपून ठेवलेली पत्रकं, पहिल्या वर्षांचे फोटो. शहरात आपली माणसं कशी राहिली ते एका टेबलावर दिसावं, एवढीच त्यांची इच्छा. माझ्याकडूनही एक वस्तू मागितली होती. मी मुखवटा नेला. पुठ्ठ्याचा, डोळ्यांपुरता, कडेला सोनेरी लेस. इलॅस्टिक आता इतकं सैल झालंय की लावला तर नाकावर घसरतो. आतल्या बाजूला घामाचा डाग आहे, तो मी कधी पुसला नाही.

११ डिसेंबर २०११. पुण्यातली आमची पहिली पदयात्रा. बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने काढलेली. ट्रस्टचं काम २००२ पासूनचं. मला ते नाव फार आवडतं. समपथिक, म्हणजे त्याच वाटेवरचा वाटसरू. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा मी शाळेत होते, आठवीचा वर्ग माझ्याकडे. एखाद्या पालकाने ओळखलं तर? म्हणून मुखवटा. हिने तर यायलाच नकार दिला होता. पण निघालो आणि पाहते तो ही पलीकडच्या फुटपाथवर! हातात भाजीची पिशवी, जणू मंडईत निघाली आहे. मी थांबले की ती थांबे, दुकानाची पाटी वाचल्यासारखं करी. मी चालले की चाले. पूर्ण वाट तशी आली. घरी आल्यावर पिशवी पाहिली तर रिकामी. त्या दिवशी वरणभातच केला.

त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबरलाच, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम कायम ठेवलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उघडलेलं दार बंद झालं. त्या रात्री आम्ही दिवे मालवून बसलो होतो. पुढे ६ सप्टेंबर २०१८ उजाडला, आणि त्याच न्यायालयाने आमचं प्रेम गुन्हा नाही म्हटलं. मुलं रस्त्यात नाचली, आम्ही देवाजवळ साखर ठेवली.

आज डेक्कनच्या वळणावर मला मात्र वेगळंच आठवत होतं. तिथून कर्वे रस्ता सुरू होतो, महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या नावाचा. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. त्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालवलं. वाचक त्यांना मनातलं विचारत. समलिंगी आकर्षणाबद्दलही विचारत, आणि ते उत्तर देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लोकांनी लैंगिक प्रश्न विचारले तर उत्तर का देऊ नये, अज्ञान ज्ञानानेच जाईल, हा बाबासाहेबांचा मुद्दा. हॅवलॉक एलिस या इंग्रज लैंगिकशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा दाखलाही दिला. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

मला या कथेत कर्वे दिसतात, बाबासाहेब दिसतात, पण सगळ्यात जास्त दिसतो तो पत्र लिहिणारा. कुठल्या गावचा, कुठल्या आळीतला असेल? कंदिलाची वात बारीक करून त्याने ते पत्र लिहिलं असेल, पाकीट चिकटवून चार दिवस खिशात बाळगलं असेल, पेटीत टाकल्यावर पोटात गोळा आला असेल. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण त्याने विचारलं. माझे पूर्वज कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. मुखवटा त्यानेही लावलाच होता, फक्त कागदाचा.

अजून पुष्कळ बाकी आहे, हेही आज बोललो. हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, तेव्हा 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी सवयीने मैत्रीण लिहिलं. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मैत्रिणीची सही चालत नाही, घरचं कुणी बोलवा." हिचा भाऊ सांगलीहून येईपर्यंत रात्र गेली. ती वेदनेने विव्हळत होती आणि मी, तिच्यासोबत वीस वर्षं एका ताटात जेवलेली, परकी होते. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाचा सर्वोच्च न्यायालयातला निकालही विरुद्ध गेला, तेव्हा मला तो रकानाच आठवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं, की जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. तेवढं तरी झालं. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात बँकेत गेलो होतो.

टेबलाजवळच्या मुलाने मुखवट्यापाशी एक कोरं कार्ड ठेवलं. म्हणाला, "काकू, नाव लिहाल? नको असेल तर तसंच ठेवू." पेन हातात घेतलं आणि अडले. उद्या सांगते म्हटलं.

आता हिला विचारलं, काय लिहू? ती काही बोलली नाही. पाय पुसले, आत गेली, माळ्यावरचा डबा खाली काढल्याचा आवाज आला. बाहेर आली ती हातात पिशवी घेऊन. तीच, खादीची, एका बंदाला गाठ मारलेली. मला वाटलं होतं ती कधीच पायपुसण्यात गेली.

म्हणाली, "दोघींची नावं लिही. आणि ही पण नेऊन ठेव तिथे."