रात्री दहाची तिन्हीसांज

आईचं माहेर गुहागरचं, त्यामुळे समुद्र म्हटलं की तिच्याकडे नियम तयार असतात आणि ते तिच्या आजीकडून आलेले असल्यामुळे त्यावर अपील नाही. ओहोटीला पाण्यात आत जायचं नाही, जेवून लगेच उतरायचं नाही, आणि दिवेलागणीच्या आत पुळणीवरून घरी म्हणजे घरी. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू, हे माझ्यासारख्या पुण्यात वाढलेल्यांसाठी सांगतेय. मे महिन्यात मामाकडे गेलो की सूर्य पाण्याला टेकायचा अवकाश, सुरूच्या बनातून मामीची हाक यायचीच, मग विहिरीवर पाय धुवायचे, शुभंकरोति म्हणायचं आणि तरी रात्री अंथरुणात वाळू निघायचीच. तिन्हीसांजेनंतर समुद्रावर काय असतं हे कुणी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तर ही आई गेल्या जूनमध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, आम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलव्हेनला आली. ट्युलिप मे महिन्यातच संपलेले, पवनचक्क्या बघून झाल्या, कालव्यातली बोट झाली, आणि एका शनिवारी चक्क सत्तावीस डिग्री आणि ऊन. इथे असं ऊन पडलं की घरात बसणं हा गुन्हाच मानतात, शेजारपाजारचे सगळे सकाळी नऊलाच गायब. लेक सहा वर्षांचा, तो बादली घेऊन दारात उभा. म्हटलं चला, झांडफोर्टला जाऊया.

झांडफोर्ट म्हणजे आम्स्टरडॅमचा समुद्र. आता आम्स्टरडॅम राजधानी खरी पण संसद, पंतप्रधान, मंत्रालयं सगळं द हेगला, हे आईला समजावताना नवरा म्हणाला की आपलं हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं ना, इथे बाराही महिने नागपूरलाच असतं असं समजा. आईला ते एकदम पटलं. द हेगलाही त्याचा स्वतःचा समुद्र आहे, पण तो वेगळा विषय. नावातला झांड म्हणजे वाळूच. सेंट्रल स्टेशनवरून थेट ट्रेन, अर्धा तास, आणि उतरलं की पाच मिनिटं चालून समोर पाणी. आपल्याकडे अलिबागला जायचं तर आधी गेटवे, मग लाँच, मग मांडव्याहून बस, एवढं करेपर्यंत अर्धी हौस फिटते.

ट्रेनमध्ये गर्दी बघून आई खूश झाली, म्हणाली आता वाटलं आपल्या लोकलसारखं. मधे हार्लेम लागतं. या देशातली पहिली रेल्वे आम्स्टरडॅम ते हार्लेमच धावली, १८३९ साली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या चौदा वर्षं आधी. हे मी सांगितलं तर आईचं लक्षच नव्हतं, ती समोरच्या बाईच्या टोपलीतल्या कुत्र्याकडे बघत होती. हार्लेमच्या पुढे घरं संपतात आणि वाळूच्या टेकड्या सुरू होतात, त्यावर गवत आणि काटेरी झुडपं. इथल्या एका कुंपणातल्या भागात २००७ पासून युरोपातले रानगवे सोडलेत हे कळल्यापासून लेक प्रत्येक फेरीला खिडकीला नाक लावून बसतो, आजवर एकही दिसलेला नाही, पण बसतो.

या टेकड्यांची अजून एक गंमत. आम्स्टरडॅमचं बरंचसं पिण्याचं पाणी इथून येतं. पूर्वी शहरातल्या कालव्यांचं पाणी इतकं घाण होतं की पिण्याची सोयच नव्हती, मग १८५३ मध्ये या टेकड्यांतून पाइप टाकला आणि शहराच्या वेशीवर बादलीला एक सेंट या भावाने पाणी विकायला सुरुवात झाली. आता ऱ्हाइन नदीचं पाणी इकडे आणतात, वाळूत मुरवतात आणि गाळून निघालेलं परत घेतात. म्हणजे आपण सातवीत बाटलीत वाळू, खडे, कोळसा भरून जो प्रयोग करायचो तोच, फक्त अख्ख्या शहरासाठी. हे मात्र आईने नीट ऐकलं. तिचं लहानपण विहिरीवर गेलंय, पाणी म्हटलं की ती ऐकतेच.

बीचवर पोचलो आणि आई थबकली. नऊ किलोमीटर लांब किनारा, रुंद, सपाट, बिस्किटाच्या रंगाची बारीक वाळू आणि तिच्यावर जिकडेतिकडे माणसं पसरलेली. तिला पहिल्यांदा वाळवणच आठवलं. थोडा वेळ बघून म्हणाली, अगं यांना कुणीतरी मधूनमधून उलटायला हवं, एका बाजूने करपतील. आणि खरंच, ते लोक स्वतःच वीस मिनिटांनी कूस बदलत होते, कुरडया परवडल्या.

इथल्या फॅमिल्या समुद्रावर येतात म्हणजे बिऱ्हाड घेऊन येतात. चार चाकांचा लाकडी हातगाडा असतो, त्याला बोल्डरकार म्हणतात, त्यात छत्री, टॉवेल, कूलर, फावडी, आणि वर सगळ्यात धाकटं मूल. मग वाऱ्याला आडवा कापडाचा पडदा ठोकतात. हा पडदा नसेल तर तुमचं काही खरं नाही कारण उत्तर समुद्राचा वारा हा वारा नसतोच, तो वाळू फेकून मारणारा खोडकर मुलगा असतो, आणि आधीच सनस्क्रीन लावलेलं असलं की दहा मिनिटांत तुम्ही रवा लावून तळायला तयार. आमच्याकडे पडदा नव्हता. आईने तिच्या बॅगेतून जुनी सोलापुरी चादर काढली, नवऱ्याने दोन टोकं छत्रीच्या दांड्याला बांधली, दोन टोकांवर आमच्या चपला आणि वाळू भरलेली बादली. अख्ख्या झांडफोर्टमध्ये असा पडदा कुणाकडे नव्हता.

मला आधी वाटायचं की हे लोक समुद्रावर दिवसभर करतात काय. आपलं कसं, आपण जातो, पाय भिजवतो, भेळ खातो, फोटो काढतो, सूर्यास्त बघतो, निघतो, दोन तासांचा कार्यक्रम. इथे लोक सकाळी दहाला येऊन रात्रीपर्यंत काहीही करत नाहीत, आणि तेही मन लावून. त्यांच्याकडे वाऱ्यात फिरून डोकं मोकळं करण्यासाठी एक खास शब्दच आहे आणि त्याचं डच लोकांना भारी कौतुक, याचं भाषांतरच होत नाही म्हणतात. आईला सांगितलं तर म्हणाली, होत नाही काय, वारा खाऊन येणं.

मुलं मात्र खणतात. नुसती खणत सुटतात, किल्ले वगैरे नंतर, आधी खड्डा, कमरेइतका. आणि बापही खणतात. जर्मन लोक समुद्रावर आले की आधी खड्डा करतात अशी डच लोक त्यांची जुनी थट्टा करतात, पण मला दोघांच्या खड्ड्यांत काही फरक दिसला नाही. आमच्या लेकाने शेजारच्या दोन जर्मन भावांबरोबर खणायला घेतलं, कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती, तरी तासाभरात पाणी लागलं आणि तिघं ओरडले. मग आई उठली. साडीचा ओचा खोचला, पायातले स्पोर्ट्स शूज काढले आणि त्या तिघांना दाखवलं की ओल्या वाळूत पाय रोवायचा, वर थापून थापून वाळू चढवायची आणि पाय हळूच काढून घ्यायचा, की खोपा तयार. जर्मन भावांची आई मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला आली. संध्याकाळपर्यंत आमच्या आजूबाजूला चाळीसेक खोपे झाले असतील, एक चाळच.

लहान मुलांना हा किनारा बरा कारण पाणी बराच वेळ गुडघ्याएवढंच राहतं. पण आत वाळूचे बांध आहेत आणि त्यांच्यामधल्या फटीतून पाणी जोरात बाहेर ओढतं, तिथे भलेभले पोहणारे दमतात, अशा वेळी किनाऱ्याकडे उलटं पोहायचं नाही, ओढ संपेपर्यंत तरंगत आडवं निघायचं. जीवरक्षकांच्या चौकीवर मुलांसाठी मनगटात घालायचा पट्टा मिळतो, त्यावर आईबापाचा फोन नंबर लिहायचा. आईला हे फार आवडलं, तिने स्वतःसाठीही एक मागितला. तिथल्या पोराने हसून दिला आणि मी त्यावर माझा नंबर लिहिला. पाणी मात्र गार. जूनमध्ये सोळा-सतरा डिग्री, पाय टाकला की कळ डोक्यात जाते. आईने एकदा घोट्यापर्यंत पाय बुडवला आणि म्हणाली, झालं माझं समुद्रस्नान.

खाण्याचं सांगायचं तर आईने दशम्या, दाण्याची चटणी आणि दडपे पोहे आणले होते. पोह्यांत वाळू गेली, तशीच खाल्ली, कचकच आवाज करत. मी मधेच गाड्यावर जाऊन कच्चा हेरिंग मासा खाऊन आले, वर बारीक कांदा, जूनमध्ये नवा येतो तेव्हा लोण्यासारखा असतो. आई शुद्ध शाकाहारी, तिने पाठ फिरवली आणि विचारलं, झालं का? एका सीगलने तिच्या हातातली दशमी उचलून नेली तेव्हा मात्र ती पाहत राहिली आणि म्हणाली, कावळाच आहे हा, गोरा.

दुपारी टेकड्यांमागून एकदम घोंघाट सुरू झाला, आईला वाटलं विमान. तिकडे गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, १९४८ पासूनचा, २०२१ मध्ये फॉर्म्युला वन तिथे परत आलं तेव्हापासून शर्यतीच्या वीकेंडला या गावात नारिंगी कपड्यांचा पूर येतो. आम्ही त्या वेळी चुकूनही फिरकत नाही. किनाऱ्यालगतच्या इमारती तशा कुरूप आहेत, फ्लॅटचे ठोकळे. १८८४ मध्ये ऑस्ट्रियाची महाराणी सिसी इथे हवापालटाला आली होती, तेव्हा इथे देखणी हॉटेलं आणि व्हिला होते म्हणे, पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तटबंदी उभारायला किनाऱ्यालगतची घरं पाडून टाकली. वाळूवरची लाकडी रेस्टॉरंटं मात्र छान असतात, त्यातली बरीचशी दर हिवाळ्याआधी फळी न् फळी सोडवून उचलून नेतात आणि वसंतात परत उभी करतात. आई म्हणाली, आमच्या पावसाळ्याआधी खोप काढतात तसंच की.

जेवणानंतर मी आणि आई वाळूतून दक्षिणेकडे चालत निघालो. गप्पांच्या नादात किती चाललो कळलं नाही, गर्दी विरळ झाली, मी आपली मावशीच्या सुनेचं काय झालं ते ऐकतेय आणि एकदम लक्षात आलं की समोरून जे आजोबा येतायत त्यांच्या अंगावर टोपीशिवाय काही नाही. मागे बघते तर पाटी आपण केव्हाच ओलांडलेली. गावाच्या दक्षिणेला कपड्यांविना बसणाऱ्यांचा किनारा आहे हे मला माहीत होतं, पण इतक्या लवकर येतो हे नव्हतं. माझी नुसती तारांबळ, आईला काय सांगू, कुठे वळू. आजोबांनी शांतपणे गुड आफ्टरनून केलं. आईने हात जोडून नमस्कार केला आणि चार पावलं गेल्यावर मला म्हणाली, एवढं काय त्यात, नाशिकच्या कुंभात बघितलेत की ढिगाने, त्यांनी निदान राख तरी लावलेली असते, हा बिचारा भाजेल.

परत आलो तर सहा वाजलेले. आई म्हणाली दिवस कलला की निघू. सात वाजले. ऊन डोक्यावर. गुहागरला जूनमध्ये सव्वासाताला सूर्य बुडालेला असतो. आठ वाजले तरी तसंच, लेक खड्ड्यातच. आईने दोनदा घड्याळ बघितलं, मग माझं घड्याळ बघितलं. साडेआठला म्हणाली, हे बरोबर चालतंय ना? तिची खरी पंचाईत मला तेव्हा कळली. तिला समुद्रावरून कधी उठायचं हे घड्याळाने कधी ठरवावंच लागलं नव्हतं, ते सूर्य ठरवायचा आणि मामी हाक मारायची. इथे सूर्य ढिम्म आणि मामी नाही. आम्ही निघूया म्हटलं की ती म्हणायची, अजून दिवेलागण कुठे झालीये, आणि थांबूया म्हटलं की म्हणायची, अगं पण लेकराची झोपायची वेळ झाली. असं करत नऊ वाजले. वारा पडला. जर्मन कुटुंबाने जाता जाता आपलं मोठं फावडं लेकाला देऊन टाकलं.

दहाला सूर्य खाली आला. हाही समुद्र पश्चिमेकडचाच, गुहागरसारखा, त्यामुळे सूर्य पाण्यातच बुडतो, आईला दिवसभरात हे एवढंच तिथल्यासारखं वाटलं असावं. दहा वाजून पाच-सहा मिनिटांनी शेवटची कोर गेली. आईने पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि एकदम घाईघाईने उठली, चादर झटकली, चला चला चला, तिन्हीसांज झाली, अशी दटावायलाच लागली आम्हाला, जणू आम्हीच उशीर केला. एवढ्या वर्षांनी मामीची हाक ऐकल्यासारखी मी मुकाट्याने चपला हातात घेतल्या.

ट्रेनमध्ये लेक तिच्या मांडीवर झोपला. मेट्रो, ट्राम करत घरी पोचेपर्यंत बारा वाजायला आले. आईने पाय धुतले आणि देवापुढे निरांजन लावलं, लेकाला अर्धवट जागं करून शुभंकरोति म्हणायला लावलं, तो शत्रुबुद्धीपर्यंत पोचला आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. त्याच्या खिशातून मूठभर वाळू सांडली, पाठोपाठ चादरीतून, चपलांतून, माझ्या पर्समधून. मी झाडू घ्यायला गेले तर आई म्हणाली, ठेव तो, दिवे लागल्यावर केर काढायचा नसतो.

त्यामुळे वाळू रात्रभर हॉलभर पसरलेली. सव्वापाचला उजाडलं तेव्हा झाडूच्या आवाजाने जाग आली.