तुम्ही विचारलंत म्हणून: कृष्णविवरं, ग्राफीन आणि पेशी एकाच वहीत का?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही गुरुत्वीय लहरींवर लिहिता, नॅनोपदार्थांवर लिहिता आणि मध्येच पेशीतल्या प्रथिनांवरही लिहिता. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध तरी काय? विचारणारे बहुतेक विद्यार्थी असतात. त्यांना पुढे शाखा निवडायची असते, त्यामुळे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो.

'शेवटी सगळं विज्ञान एकच' असं उत्तर मी देत नाही. ते कुठल्याही दोन विषयांबद्दल म्हणता येतं आणि त्यातून हाती काहीच लागत नाही. माझं उत्तर म्हणजे एक राशी आहे. भौतिकशास्त्रात तिला 'केटी' म्हणतात: बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान. खोलीच्या तापमानाला ती सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर भरते. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख कोटीवा भाग. एवढंसं बल चार नॅनोमीटरभर लावायला लागेल तेवढी ही ऊर्जा. आसपासच्या उष्णतेमुळे प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक प्रकारच्या हालचालीला साधारण या मापाची ऊर्जा सतत मिळत असते. रेणू असो की चाळीस किलोचा आरसा, वाटा सारखाच.

या थरथरीची पहिली नीट नोंद रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाची, १८२७ मधली. परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात नाचताना त्याला दिसले. हा जिवंतपणाचा परिणाम असेल का, हे तपासायला त्याने दगडाची पूड पाण्यात टाकली. तीही नाचली. त्यामागचं गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं, झ्याँ पेराँने ते प्रयोगाने पडताळलं आणि अणू खरोखर असतात यावरचा वाद मिटला. याच आइन्स्टाइनने १९१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे अवकाशालाच ताणत-आवळत जाणाऱ्या लहरींचं, भाकीत केलं. त्याच्या एका शोधाने दुसऱ्याची वाट किती अवघड केली, हे लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेकडे पाहिलं की कळतं.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन्ही यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, साधारण १३० कोटी प्रकाशवर्षं दूर. लेसरचा प्रकाश ज्या भुजांमध्ये टोकाच्या आरशांवरून परततो, त्या चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत त्यामुळे पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. लायगोला मोजायचं असतं दहाचा उणे अठरावा घात मीटर, या मापातलं अंतर. आता केटी आठवा. दोऱ्याला टांगलेल्या चाळीस किलोच्या आरशाला उष्णतेचा तेवढाच वाटा मिळाला तरी तो पिकोमीटरच्या घरात हलतो, हे कागदावर चार ओळींत काढता येतं. म्हणजे मोजायच्या अंतराच्या दहा लाख पट. तरीही लहर सापडली, ती कशी?

लायगोबद्दल बोलताना लेसरचं कौतुक सगळे करतात, टांगण्याच्या धाग्यांचं फारसं कोणी करत नाही. मला मात्र या यंत्रातला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची एकूण ऊर्जा कमी करता येत नसली, तरी ती कोणत्या कंप्रतेवर साठावी हे ठरवता येतं. पितळी घंटेवर टोला दिला की तिचे ठरावीक सूर बराच वेळ घुमतात. लाकडी फळीवर दिला तर नुसता ठक्क आवाज येतो आणि त्यात सगळे सूर विखुरलेले असतात. आरसा आणि त्याचे धागे घंटेसारखे हवेत. म्हणून ते अतिशुद्ध सिलिका काचेचे केले. धागे जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीचे आहेत आणि असे चार धागे मिळून आरसा पेलतात. या काचेत घर्षण नगण्य असल्याने थरथर जवळजवळ सगळी धाग्यांच्या आणि आरशाच्या स्वतःच्या सुरांवर गोळा होते. मधला पट्टा, जिथे कृष्णविवरांचा आवाज ऐकायचा असतो, बऱ्यापैकी शांत राहतो.

पण आरशावर प्रकाश परतवणारा लेप असतो: सिलिका आणि टँटॅलम ऑक्साइडचे आलटून पालटून थर, सगळे मिळून काही मायक्रोमीटर जाडीचे. आरसा २० सेंटिमीटर जाड, तरी शंभर हर्ट्‌झच्या आसपास सर्वाधिक अडचण करतो तो हा पातळ लेप. टँटॅलम ऑक्साइडच्या थरांत अणूंची रचना काचेसारखी विस्कळीत असते. काही अणूंचे गट दोन जवळच्या मांडण्यांमध्ये इकडून तिकडे सरकत राहतात, त्यातून घर्षण होतं, आणि जिथे घर्षण तिथे थरथर सगळ्या सुरांवर पसरते. म्हणून गुरुत्वाचे संशोधक आज विस्कळीत काचांच्या अणुरचनेचा अभ्यास करतात, स्फटिकी लेप करून बघतात. जपानमधल्या काग्रा वेधशाळेने नीलमण्याचे आरसे वीस केल्विनच्या आसपास थंड ठेवण्याचा मार्ग धरला. दूरच्या कृष्णविवरांचा वेध घेणारं काम नॅनोमीटर जाडीच्या थरात येऊन अडलं आहे. मग नॅनोपदार्थांवर मी वेगळा विषय म्हणून कसं लिहू?

ग्राफीनचं, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या थराचं, थोडक्यात सांगते. एका अणूइतक्या जाडीचा सपाट स्फटिक उष्णतेच्या थरथरीत टिकणार नाही, असं सिद्धान्त सांगत होता. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत तो मिळवला. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसलं की मोकळा ताणलेला ग्राफीन सपाट नसतोच, त्यात नॅनोमीटरभर उंचीच्या सुरकुत्या असतात. वाकणं आणि ताणलं जाणं एकमेकांना आवरून धरतात, म्हणून तो टिकतो.

पेशीकडे आलं की मी जास्त रमते, कारण तिथे ही थरथर टाळण्याची सोयच नाही. कायनेसिन नावाचं प्रथिन पेशीतल्या नलिकांवरून माल वाहून नेतं. त्याचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, हे १९९३ मध्ये प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे सूक्ष्म मणी धरून ठेवणाऱ्या लेसर किरणाने, मोजलं गेलं. एका पावलासाठी ते एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्चतं, आणि त्या रेणूतून मिळते साधारण वीस केटी ऊर्जा. फक्त वीस! आपल्या कुठल्याही इंजिनाच्या मानाने उष्णतेची थरथर क्षुल्लक असते. कायनेसिनच्या मानाने ती वादळ आहे. त्याचा मोकळा पाय या वादळातच भिरभिरत पुढची जागा शोधतो. एटीपीचं काम पाऊल मागे पडू न देण्याचं.

यातला माझा सर्वांत आवडता प्रयोग २००५ मधला. डीएनएवरून आरएनए लिहिणारं एन्झाइम एका वेळी एकच अक्षर पुढे सरकतं का, हे बघायचं होतं. एक अक्षर म्हणजे ०.३४ नॅनोमीटर. प्रकाशाच्या चिमट्यात धरलेला मणी स्वतःच काही नॅनोमीटर थरथरत असतो. चिमट्याची मांडणी बदलून ती थरथर आवरली, तरी लेसरच्या वाटेतल्या हवेच्या हालचालीने प्रकाश किंचित डगमगे. संशोधकांनी ती वाट बंदिस्त करून तिच्यात हीलियम भरला, कारण हीलियम प्रकाशाला हवेपेक्षा खूपच कमी वळवतो. मग नोंदीत पायऱ्या दिसल्या, अक्षरागणिक एक. लायगोने लेसरची वाट निर्वात केली, इथे हीलियम भरला. दुखणं एकाच जातीचं होतं.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते. चिमटा मण्याला किती ताठ धरतो, हे मोजायचं कसं? मण्याची थरथर मोजायची आणि केटीने हिशोब करायचा. पृष्ठभाग चाचपून पाहणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सूक्ष्म पट्टीचा ताठपणाही तसाच काढतात. जी थरथर मोजमाप बिघडवते, तीच मोजपट्टीही होते.

याचा अर्थ केटीत सगळं येतं असा नाही. लायगोला वरच्या कंप्रतांवर उष्णता अडवत नाही, प्रकाशाचं पुंजस्वरूप अडवतं. आणि कायनेसिन असं का घडलं, हा उत्क्रांतीचा प्रश्न. त्याचं उत्तर कुठल्याच स्थिरांकात नाही. शाखा निवडणाऱ्याने हे फरक गंभीरपणे घ्यावेत. पण लेपाच्या नव्या पदार्थाची बातमी आली की मी ती कृष्णविवरांच्या पानावर लिहिते, आणि चिमट्याच्या प्रयोगाशेजारी लायगोच्या धाग्यांची जाडी.