रिकाम्या टाकीला खाऊ घालण्याविषयी

आमच्या टॅम्पाच्या घरी येणारे पाहुणे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीपाशी थांबतात, वाकून पाहतात आणि एकच प्रश्न विचारतात: पाणी खेळते आहे, दिवा लागतो आहे, रोज त्यात खाऊही पडतो आहे, पण मासा कुठे आहे? परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून या वेळी नीट उत्तर देतो.

मासा अजून आणलेलाच नाही. यायचा आहे तो बुटका घोडामासा, हिप्पोकॅम्पस झोस्टेरी. जॉर्डन आणि गिल्बर्ट या मत्स्यशास्त्रज्ञांनी १८८२ मध्ये आमच्याच फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. मेक्सिकोच्या आखातातल्या उथळ समुद्री गवतात राहणारा हा जीव पूर्ण वाढला तरी अडीच सेंटीमीटरच्या आसपास भरतो आणि जगतो जेमतेम वर्षभर. सर्वांत संथ मासा म्हणून नोंद आहे ती त्याचीच, तासाला सुमारे दीड मीटर. भक्ष्याच्या मागे धावणे त्याला शक्य नाही. शेपटीने काडी धरून बसावे आणि तोंडासमोर येईल ते ओढून घ्यावे, एवढेच तो करतो. त्यातच त्याला जठर नसल्यामुळे खाल्लेले फार वेळ पोटात राहत नाही. मोठ्या टाकीत खाद्य विरळ होते आणि मासा उपाशी राहतो, म्हणून टाकी वीस लिटरचीच घेतली. जोराचा प्रवाह त्याला सोसत नाही, म्हणून मोटर न लावता एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर बसवला.

पाण्याची तयारी त्यामानाने सोपी आहे. आर.ओ.च्या पाण्यात समुद्री मीठ आदल्या दिवशी विरघळवून विशिष्ट घनता (म्हणजे खारटपणाचे माप) १.०२४ च्या जवळ आणली आणि जुन्या टाकीतल्या स्पंजचा एक तुकडा विरजणासारखा नव्या पाण्यात सोडला, कारण माशांच्या मलमूत्रातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजमध्ये वस्तीला असतात. थोडा अमोनिया मुद्दाम घालून दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबावे लागते. पाणी आटले की भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण मीठ उडून जात नाही. हे मी पहिल्या वर्षी विसरलो होतो.

खरा वेळ जातो तो हायड्रॉइडमुळे. प्रवाळाचे हे दोऱ्याएवढे भाऊबंद दगडावरून, शैवालावरून, कधी खाद्याबरोबरही टाकीत येतात, आणि त्यांच्या नांग्या घोडामाशाच्या नवजात पिल्लांना मारायला पुरेशा असतात. नर दहा-बारा दिवस पिशवीत वाढवून जी पिल्ले सोडतो, ती माझ्या पहिल्या टाकीत दोन दिवसांत एकेक करून गेली. मी पाण्याची चाचणी पुन्हा पुन्हा करत बसलो. भिंगातून काच पाहिली तेव्हा विकत आणलेल्या सुंदर हिरव्या शैवालाच्या मुळाशी पांढरट तंतूंचे रान दिसले. आता शैवालाऐवजी प्लास्टिकची रोपे लावतो. दिसायला ती तितकीशी बरी नाहीत, पण ब्लीचमध्ये भिजवून स्वच्छ धुता येतात. त्याखेरीज हायड्रॉइड मरावेत म्हणून मासे येण्यापूर्वीच कुत्र्यांच्या जंतांवरचे औषध, फेनबेंडाझोल, टाकीत देतो. त्याने गोगलगायींच्या कित्येक जातीही दगावतात आणि मेलेल्या जिवांमुळे पाणी बिघडते, म्हणून त्यानंतर पाणी बदलून पुन्हा चाचण्या कराव्या लागतात.

आणि रिकाम्या टाकीत खाऊ का, तर आमिष म्हणून. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची ताजी पिल्ले सोडली की लपलेले हायड्रॉइड खाऊन वाढतात आणि काचेवर दिसू लागतात. दुसरे कारण माझ्या सवयीचे आहे. या माशांना रोज निदान दोन वेळा जिवंत खाद्य लागते, म्हणजे रोज रात्री आर्टेमियाची अंडी ब्लीचमध्ये घालून त्यांचे कवच उतरवणे, ती खारट पाण्याच्या बाटलीत जोरदार हवेवर ठेवणे आणि सुमारे चोवीस तासांनी निघालेली नारिंगी पिल्ले गाळणे. नुसत्या पिल्लांत पोषण कमी पडते, म्हणून त्यांना आणखी काही तास वाढवून, तोंड फुटल्यावर पौष्टिक शैवाल-मिश्रण खाऊ घालावे लागते. माशाच्या खाद्यालाही आधी जेवण! ही साखळी महिनाभर न चुकता चालवता आली नाही, तर मासे आणू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याचे नातेवाईक हाच प्रश्न विचारून पुढे आपणही पाळू म्हणतात, त्यांना मी परावृत्त करतो: भारतात घोडामासे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मी आणणार आहे ते समुद्रातून पकडलेले नव्हेत, टाकीतच जन्मलेले.

या तयारीचा आज पस्तिसावा दिवस आहे. काल भिंगातून पाहताना मागच्या काचेवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, एक तंतू दिसला. औषध पुन्हा दिले आहे. तुम्ही पुढच्या महिन्यात आलात तरी टाकी बहुधा रिकामीच असेल.