तुम्ही विचारलंत म्हणून: "नक्की काय घेतलं होतं?"

मला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते आणि दिवस राहणं अवघड होऊ शकतं, आणि मला एक मुलगी आहे. या दोन गोष्टी एका दमात कळल्या की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्ही काय घेतलं होतं?" विचारणारीला बहुतेक वेळा एखाद्या चूर्णाचं नाव हवं असतं. मागोमाग येतं, "नैसर्गिकच ना? मग घेऊन बघायला काय हरकत?"

हरकत काय असते ते मला केसांच्या एका कॅप्सूलनं शिकवलं.

भांगापाशी केस विरळ व्हायला लागले होते, पीसीओएसमध्ये होतात तसे. कुणीतरी सुचवलं, मी सुरू केलं. डबीवर हिरवं पान आणि 'संपूर्ण नैसर्गिक'. दोन महिन्यांनी नेहमीच्या तपासण्यांत थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला. थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन टीएसएच तळाला, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन टी-4 वर, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असल्याची खूण. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. अशा आजारात हात थरथरतात, नाडी धावते; हात थरथरत असेल तर कागद हलतो. माझा हलला नाही. नाडीही शांत. "आणखी काही औषध चालू आहे?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलत नव्हते मी. ती कॅप्सूल माझ्या हिशेबात औषध नव्हतीच. पाण्याची बाटली काढताना पर्समध्ये डबी खुळखुळली, तेव्हा त्यांनी ती मागून घेतली आणि चष्मा कपाळावर सारून बारीक अक्षरं वाचली. बायोटिन हे जीवनसत्त्व, 10 मिलिग्रॅम. दिवसाची गरज साधारण 30 मायक्रोग्रॅमची, म्हणजे हे तीनशे पटींहून जास्त.

हार्मोनच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनांत बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते उदंड झालं की यंत्र फसतं. आठवडाभर डबी बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, सगळं जागेवर. नाहीतर मला न झालेल्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, आणि त्या गोळ्या गरोदरपणाच्या सुरुवातीला बाळासाठी जोखमीच्या असतात.

वनस्पतींत दम नसतो असं माझं म्हणणं नाही. उलट असतो, म्हणूनच जपायचं. पीसीओएसमध्ये अनेकींना देतात त्या मेटफॉर्मिनचा माग गॅलेगा नावाच्या झुडपापर्यंत जातो. तेच झुडूप चरून मेंढ्या दगावतात. गोळीत मात्रा मोजलेली असते, काढ्यात कोण मोजतं? अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, शिवाय ती थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. आणि डबीत लिहिलंय तेवढंच असतं असंही नाही. 2004 साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं हाडांत मुरतं, गरोदरपणात तिथून रक्तात उतरतं आणि नाळेतून बाळापर्यंत जातं. त्यात आपली पंचाईत अशी की पाळी चुकल्याचं लक्षात येईतो गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. म्हणजे 'राहिलं की बंद करीन' हा बेत उशिराचाच.

योनीत लसूण, व्हिनेगर, वाफ वगैरे प्रकार मात्र अजिबात नकोत. तिथली त्वचा भाजते आणि जंतूंचा समतोल बिघडतो, फायदा काही होत नाही.

खरं नुकसान मला वेळेचं वाटतं. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून तपासणीला जा. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. पोट शेकणं निर्धोक आहे, पण दर महिन्याला रजा घ्यावी लागण्याइतकं दुखत असेल तर ते एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढणं) असू शकतं, आणि शेकून ते जात नाही.

आणि काढे एकटी बाईच का पिते? वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूनंही काही ना काही कारण असतं. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी चाचणी, आणि आमच्याकडे ती सगळ्यांत शेवटी झाली. ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांना तर कुणी सांगतच नाही की त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं. जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरुषांना देऊन पाहिल्या होत्या, सुमारे 2,400 जोडप्यांत. 2020 साली निकाल आला: वीर्य सुधारलं नाही, मूल होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. बाईनं मात्र फॉलिक ॲसिड घ्यायचंच, रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष त्यानं टळतात, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे.

तर मी काय घेतलं होतं? तेच फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली लेट्रोझोल, म्हणजे बीज बाहेर पडायला मदत करणारी गोळी, पाळीच्या दर चक्रात पाच दिवस. चौथ्या चक्रात राहिलं. हे ऐकून विचारणारीचा चेहरा जरा पडतो. मग ती म्हणते, "आणि त्याच्या जोडीला?"